पहिला मान कोणाचा?

मुंबईतील रहदारीची कोंडी हा विषय आता तक्रारीचा राहिलेला नाही. तो सवयीचा झाला आहे. गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावर, दादरला टिळक पुलाच्या तोंडाशी, परळला रुग्णालयांच्या रस्त्यावर आणि लालबागला भारतमाता चित्रपटगृहाच्या चौकात रोज सकाळ-संध्याकाळ हजारो माणसे खोळंबून उभी असतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. उशिरा पोचणाऱ्याने ‘ट्रॅफिक होते’ असे म्हणावे आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी, असा एक सभ्य करारच या शहरात होऊन बसला आहे. पाऊस पडतो, भरती येते, तशीच कोंडी होते, असे आपण मानू लागलो आहोत. परंतु भरती-ओहोटी चंद्राच्या हाती असते. चौकातली कोंडी माणसांच्या हातची आहे. माणसांनी घेतलेल्या आणि घ्यायचे टाळलेल्या निर्णयांतून ती उत्पन्न होते, आणि म्हणूनच तिचा जाब माणसांना विचारता येतो.

उपायांची चर्चा निघाली की दोन पक्ष हटकून समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, प्रत्येक नाक्यावर सिग्नल बसवा, कॅमेरे लावा, दंड वाढवा. दुसरा म्हणतो, सिग्नल उखडून टाका. वर्तुळे करा, उड्डाणपूल बांधा, भुयारे खणा, आणि वाहनाला कोठेही थांबावे लागणार नाही असे विनासिग्नल शहर करा. दोन्ही पक्षांपाशी दाखले आहेत, तज्ज्ञ आहेत आणि कंत्राटदारही आहेत. आमच्या मते दोघेही रोग रेड्याला आणि औषध पखालीला देत आहेत. चौकात आधी कोणी जायचे हे ठरलेले नसते, किंवा ते चुकीच्या माणसाच्या बाजूने ठरलेले असते, म्हणून कोंडी होते. दिवा असो वा नसो, हा प्रश्न सुटल्याखेरीज गाडा पुढे सरकणार नाही.

पहिला मान कोणाचा हे ठरविण्यात आपला समाज एरवी मोठा काटेकोर आहे. जत्रेतल्या नारळापासून पालखीच्या खांद्यापर्यंत मान कोणाकोणाचा आणि कोणत्या क्रमाने, याचे दंडक गावोगाव पिढ्यान्पिढ्या पाळले जातात. शहरातील चौकात मात्र हा विवेक आपण गुंडाळून ठेवला आणि बळी तो कान पिळी हा एकच दंडक मागे उरला.

एक पूल बंद झाला तेव्हा

हा प्रश्न नव्याने विचारण्याचे कारण परळ आणि प्रभादेवी यांच्या मध्ये घडले आहे. १९१३ साली बांधलेला एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी रहदारीला बंद करण्यात आला. शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी जुना पूल पाडून त्या जागी दुमजली पूल उभारावयाचा, अशी ही योजना. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरून येणारी वाहने वरच्या मजल्याने थेट वरळीकडे जातील आणि खालचा मजला स्थानिक रहदारीला मिळेल. शतकाहून जुना पूल कधी ना कधी पाडावाच लागला असता. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु तो बंद होताच या भागाचे मर्म उघडे पडले. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या रुळांनी हा भाग उभा चिरला आहे. इकडून तिकडे जायचे तर पूल ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. आणि एक पूल गेला की त्याचा सारा भार उत्तरेकडे १९२५ च्या टिळक पुलावर आणि दक्षिणेकडे करी रोडच्या पुलावर पडतो.

रुळांच्या पूर्वेला काय आहे, हे मुंबईकरांना सांगण्याची गरज नाही. १९२६ पासून चालणारे के. ई. एम. रुग्णालय तेथे आहे, १९४१ पासूनचे टाटा रुग्णालय आहे, मुलांचे आणि बाळंतिणींचे वाडिया रुग्णालय आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आणि महाराष्ट्राबाहेरूनही माणसे आपला जीव मुठीत धरून या एका मैलाच्या परिसरात येतात. वरळी, प्रभादेवी, लोअर परळ येथून निघालेल्या रुग्णवाहिकेला हे रूळ ओलांडावेच लागतात. मोटारीतून कचेरीला जाणाऱ्याच्या लेखी पूल बंद होणे म्हणजे अर्धा तास आधी घर सोडणे. छातीत कळ आलेल्या माणसाच्या लेखी त्या अर्ध्या तासाचे मोल वेगळे असते. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दहा हजार रुपयांचा दंड आहे. कायदा उत्तम आहे. पण पुलाच्या चढावर पुढे, मागे आणि शेजारी मोटारीच मोटारी असताना वाट द्यायची इच्छा असलेल्यानेही ती द्यावी कोठून?

पूल बंद होताना जी पर्यायी व्यवस्था जाहीर झाली, तिच्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. करी रोडच्या पुलावरून सकाळी ७ ते दुपारी ३ एका दिशेने, दुपारी ३ ते रात्री ११ उलट दिशेने आणि रात्रभर दोन्ही दिशांनी रहदारी सोडावी, असे ठरले. ही वाटणी दिव्याने केली नाही, घड्याळाने केली. रस्ता रुंद झाला नाही, नवा खांब उभा राहिला नाही. केवळ कोणाला केव्हा जाऊ द्यायचे हे ठरले आणि ते सर्वांना आधी सांगितले गेले. याचा अर्थ, मनात आणले तर रस्त्याच्या वेळेची वाटणी प्रशासनाला करता येते. मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. वाटणी दिशांची झाली. माणसांची कधी होणार?

दिवा कशासाठी आला?

रस्त्यावरचा सिग्नल हे मोटारीचे अपत्य नव्हे. १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ पहिला सिग्नल उभा राहिला तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. घोडागाड्यांच्या गर्दीत पायी चालणाऱ्यांचे जीव जात होते, म्हणून रेल्वेतील एका अभियंत्याने रुळांवरची युक्ती रस्त्यावर आणली. रात्री त्यात गॅसचे तांबडे-हिरवे दिवे लावीत. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो हाताळणारा पोलीस शिपाई भाजला आणि प्रयोग आटोपला. विजेचा सिग्नल अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात १९१४ च्या ऑगस्टमध्ये आला. तोवर मोटारींचे युग सुरू झाले होते, आणि पादचाऱ्याला पलीकडे पोचविण्यासाठी योजलेले साधन हळूहळू मोटारींची आपसांतील भांडणे मिटविणारे साधन बनले. पादचारी या व्यवहारात उपरा झाला, तो आजतागायत उपराच आहे.

सिग्नलचे गणित अवघड नाही. ज्याने कधी शाळेचे वेळापत्रक लावले आहे त्याला ते चटकन उमगेल. दिवसाचे आठ तास कागदावर पाडले, तरी एक शिक्षक वर्गाबाहेर पडून दुसरा आत येईपर्यंत दर खेपेला चार-पाच मिनिटे वाया जातातच. तासांची संख्या वाढवावी तसा हा अपव्यय वाढत जातो. चौकातही तसेच आहे. एका बाजूचा दिवा तांबडा होऊन दुसऱ्या बाजूची वाहने हलू लागेपर्यंत चारएक सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. चार बाजूंना पाळीपाळीने सोडणारा आणि १२० सेकंदांत एक फेरा पुरा करणारा चौक घ्या. दर फेऱ्यास १६ सेकंद, तासाला ३० फेरे. म्हणजे तासातली ८ मिनिटे हवेत विरली. ही नासाडी कमी करण्यासाठी फेरा आणखी लांबवला, तर पादचाऱ्याला दोन-अडीच मिनिटे फूटपाथच्या कडेला ताटकळत उभे राहावे लागते. आणि इतका वेळ उभा न राहता तो मध्येच धावतो. मग आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच चौकात उजवीकडे वळण्यास बंदी करून चार पाळ्यांच्या दोन केल्या आणि फेरा ६० सेकंदांवर आणला, तर तासाचे फेरे ६० होतात. परंतु दर फेऱ्यास वाया जाणारे सेकंद ८ च राहतात. एकूण नासाडी तीच, ८ मिनिटांची. पण पादचाऱ्याची आणि बसची प्रतीक्षा निम्म्यावर येते. वेबस्टर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने सिग्नलच्या वेळा बसविण्याची रीत १९५८ सालीच मांडून ठेवली आहे. यात गूढ असे काही नाही. अर्थात वळणबंदीलाही तिची किंमत आहे. ज्याला उजवीकडे जायचे तो पुढे जाऊन तीनदा डावीकडे वळेल, आणि ती तीन वळणे गिरगावातल्या वाड्यांच्या तोंडावरून किंवा हिंदू कॉलनीतल्या शाळेसमोरून जात असतील, तर एका चौकाचे दुखणे दहा गल्ल्यांत पसरेल. म्हणून हा निर्णय नकाशावर बोट ठेवून नव्हे, तर जागेवर उभे राहून, चौकागणिक करावयाचा असतो.

या शहरात यंत्रे नाहीत असेही नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात शहर विभागातील अडीचशेवर चौकांत गर्दीप्रमाणे सेकंद आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा बसविण्यात आली. परंतु अशा यंत्राचा डोळा वाहन ओळखतो. त्या वाहनात किती माणसे आहेत हे ओळखत नाही. त्याच्या लेखी एकटा मालक बसलेली मोटार हे एक वाहन आणि पन्नास उतारूंनी भरलेली बेस्टची बस हेही एकच वाहन. फूटपाथवर थांबलेली शंभर माणसे त्याच्या हिशेबात मुळीच येत नाहीत. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे मोजायला शिकविले तेच ते मोजते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये दादर-माहीम पट्ट्यातील सिग्नलवर पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती झळकली, तेव्हा सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्या हिरव्या आकृतीला किती सेकंदांचे आयुष्य आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. २४ मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या सामान्य गतीने ओलांडण्यास २० सेकंद लागतात. गुडघे दुखणारी आजी, हातात भाजीची पिशवी आणि कडेवर मूल असलेली आई, के. ई. एम.मधून काठी टेकीत बाहेर पडलेला रुग्ण यांची गती सेकंदाला ०.८ मीटर धरली, तर ३० सेकंद हवेत. आकृतीने पोशाख बदलला. सेकंदही बदलले पाहिजेत.

दिव्यावाचून चालते काय?

चालते, परंतु फुकट चालत नाही. नेदरलँड्समधील द्राख्तन या लहान शहरात हान्स मोंडरमन या अभियंत्याने एका मोठ्या चौकातील सिग्नल काढून टाकले आणि मोटार, सायकल व पादचारी यांना एकमेकांकडे पाहून वाट काढावयास लावले. चौक बिघडला नाही, उलट सुधारला. या प्रयोगाचा हवाला देऊन आपल्याकडेही सिग्नल काढण्याची मागणी होते. परंतु द्राख्तनमध्ये सायकलवाला समोर आला की मोटारवाला थांबतो, कारण आधी कोण हे तेथे अंगी मुरलेले आहे. आमच्याकडे पादचारी मोटारवाल्याच्या डोळ्यांत पाहतो, तेव्हा मोटारवाला हॉर्न वाजवितो.

वर्तुळाची गोष्टही अशीच आहे. सात रस्ते येऊन मिळतात म्हणून ज्याला आपण सातरस्ता म्हणतो त्या संत गाडगे महाराज चौकाच्या आणि दादरच्या खोदादाद सर्कलच्या आखणीत हा विचार होता, की वाहन वेग कमी करील, वळसा घेईल आणि टक्कर टळेल. मात्र वर्तुळ एका नियमावर तगते. आत असलेल्याला आधी बाहेर पडू द्यावे, बाहेरच्याने थांबावे. ब्रिटनमध्ये हा नियम नव्हता तोवर वर्तुळे तुंबत असत. १९६६ साली तो लागू झाला आणि तीच वर्तुळे वाहू लागली. आपल्याकडे वाहन चालविण्याच्या २०१७ च्या नियमावलीत वर्तुळात आधीपासून असलेल्या वाहनाला अग्रक्रम दिलेला आहे. तो किती चालकांना ठाऊक आहे, हे त्यांचे त्यांनीच आठवून पाहावे. नियम कागदावर राहिला आणि चौकात पुन्हा दिवा आला. दिवा हा बहुधा आपल्या न पाळलेल्या नियमांचा पुतळा असतो.

तरीही दिव्यावाचून रहदारी चालते, हे याच मुंबईने दाखविले आहे. अनंत चतुर्दशीला १९३४ पासूनचा लालबागचा राजा भायखळा, नागपाडा, ऑपेरा हाउस अशा वाटेने गिरगाव चौपाटीकडे निघतो, तेव्हा वाटेवरचे सारे सिग्नल निरर्थक होतात. लाखो माणसे, शेकडो मूर्ती, ट्रक, ढोल आणि मध्येच एखादी रुग्णवाहिका. आणि गर्दी दुभंगून त्या रुग्णवाहिकेला वाट देते. दोरखंड धरलेले कार्यकर्ते आणि शिट्टी वाजविणारा हवालदार एवढ्या सामग्रीवर हे साधते. मिरवणुकीच्या दिवशी सर्व सुरळीत असते असा आमचा दावा नाही. पण त्या दिवशी कोणी आधी जायचे आणि कोणासाठी बाजूला व्हायचे याविषयी गर्दीच्या मनात संभ्रम नसतो. मुंबईकराला शिस्त नाही, हे विधान त्या एका दृश्याने खोटे पडते. ज्या दंडकाचा आधार त्याला पटतो, तो मुंबईकर पाळतो.

विनासिग्नल रहदारीचा तिसरा मार्ग म्हणजे काँक्रीटचा. राजस्थानातील कोटा शहराने उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग बांधून सिग्नल हद्दपार केल्याचा बराच गाजावाजा झाला. मुंबईला हे नवे नाही. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ चा, जे. जे. उड्डाणपूल २००२ चा. लालबागचा २०११ चा. मार्च २०२४ पासून खुला झालेला सागरी किनारा मार्गही विनासिग्नलच. हे पूल निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उड्डाणपूल ज्याला या भागात थांबायचेच नाही त्याला उचलून पलीकडे नेतो, आणि येथे राहणाऱ्या, येथे बसची वाट पाहणाऱ्या, येथे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला खांबांच्या सावलीत ठेवून जातो. वरून गेलेली मोटार अखेर कोठेतरी खाली उतरतेच आणि पुढच्या सिग्नलच्या शेपटाला जाऊन उभी राहते. वाट पाहणे संपत नाही. ते एका चौकातून उचलून दुसऱ्या चौकात ठेवले जाते.

ट्राम गेली, कोंडी राहिली

या शहराला आपल्या कोंडीचा गुन्हेगार शोधण्याची जुनी खोड आहे. एके काळी तो मान ट्रामला मिळाला होता. १८७४ साली घोड्यांनी ओढलेली आणि १९०७ पासून विजेवर धावणारी ट्राम रस्ता अडवते, असे ठरले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेली ट्राम शेवटची ठरली. दादर टी. टी. या नावात तेवढी ती उरली आहे. ट्राम गेली, रस्ता मोकळा झाला काय? पुढे हातगाडीवर खापर फुटले, मग फेरीवाल्यावर, मग टॅक्सीवर. गरिबाचे वाहन आणि गरिबाचे दुकान रस्त्यातून हटविणे सोपे असते. दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या रिकाम्या मोटारींनी गिरगावातील रस्त्याचा केवढा भाग व्यापला आहे, याचा पुकारा मात्र क्वचित होतो. सम-विषम तारखांना एकेका बाजूने मोटारी उभ्या करण्याची जुनी पाटी अजूनही काही गल्ल्यांत दिसते. तिच्याकडे पाहण्याची सवय तेवढी राहिलेली नाही.

गिरणगावाची कथा तर अधिक बोलकी आहे. परळ, लालबाग, लोअर परळ येथील रस्ते पायी चालणाऱ्या कामगारांसाठी घडले. भोंगा झाला की चाळीतून निघालेला कामगार चालत गिरणीत पोचत असे. तीन पाळ्यांची ती अफाट गर्दी पायांवर वाहत असल्यामुळे त्या रस्त्यांत मावत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. गिरण्यांच्या जमिनींचा मोठा हिस्सा मोकळ्या जागा आणि परवडणारी घरे यांना द्यावा, असे १९९१ च्या विकास नियमावलीत होते. २००१ च्या बदलाने तो हिस्सा केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. चिमण्यांच्या जागी मनोरे आले, मनोऱ्यांखाली मोटारींसाठी मजलेच्या मजले आले, आणि रस्ते मात्र त्या पायी चालणाऱ्या कामगारांच्या मापाचेच राहिले. ज्या रस्त्यावर माणूस जाई, त्यावर आता माणसाभोवतीची पेटी जाऊ पाहते. असल्या ठिकाणी कोणत्या रंगाचा दिवा लावावा म्हणजे चमत्कार घडेल?

चालणाऱ्या माणसाला शेवटचा मान दिला की काय होते, हे आपण याच ठिकाणी पाहिले आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पाऊस चालू असताना, त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. ती माणसे कामावर निघाली होती. लष्कराच्या मदतीने नवा पादचारी पूल काही महिन्यांत, फेब्रुवारी २०१८ मध्ये, उभा राहिला. जे काम काही महिन्यांत होऊ शकते ते त्याआधी वर्षानुवर्षे का झाले नाही, याचे उत्तर त्या २३ घरांना अद्याप कोणी दिलेले नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणून हे प्रकरण मिटविता येणार नाही.

माणसे मोजा

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. चौकातली वेळ ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तासाला ३६०० सेकंद. त्यात एकाचीही भर घालणे मंत्र्याच्या हाती नाही की आयुक्तांच्याही. ही मालमत्ता वाटायची तर वाहने मोजून नव्हे, माणसे मोजून वाटली पाहिजे. २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात दिसून आले, की मुंबई महानगरातील निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होतात आणि वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास रेल्वे व बस उचलतात. पन्नास माणसांची बस तीन मोटारींची जागा घेते, हे खरे. पण त्या तीन मोटारींत मिळून पाच-सहा माणसे असतात. शाळेतील पोरालाही सुटणारे हे त्रैराशिक नगरनियोजनात अजून सुटलेले नाही. एके काळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला बेस्टचा ताफा तीन हजारांच्या खाली उतरला, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. ज्या वाहनाला पहिला मान द्यायचा, त्याचीच गणती कमी करीत जाणे, हे कोंडीला आवतण देणे नव्हे काय?

म्हणून क्रम उघडपणे ठरवावा. पहिला मान रुग्णवाहिकेचा आणि अग्निशमन गाडीचा, दुसरा पादचाऱ्याचा, तिसरा बसचा, त्यानंतर माल वाहणाऱ्यांचा व टॅक्सीचा, आणि सर्वांत शेवटी खाजगी मोटारीचा. हा क्रम एकदा मान्य झाला, म्हणजे कोठे दिवा हवा आणि कोठे नको, हा वाद पुष्कळसा आपोआप मिटतो. ज्या नाक्यावर रहदारी बेताची आहे तेथे दिव्याची गरज नाही. रस्ता ओलांडण्याची जागा फूटपाथच्या पातळीला उंच करावी, वाहन आपोआप मंदावेल. रात्री उशिरा पिवळा दिवा उघडझाप करू लागतो तेव्हा तोच चौक दिव्यावाचून चालतोच की! गिरगावात चौक एकमेकांना इतके खेटून आहेत, की एकाची रांग दुसऱ्याच्या पोटात शिरते. तेथे दिवे एकेकटे न चालवता साखळीने चालविले पाहिजेत. भारतमाता आणि हिंदमाता येथे दिवा हवा, फेरा आखूड हवा आणि चौकाच्या मध्यावर पिवळ्या जाळीच्या रेषा हव्यात. पुढे जागा असल्यावाचून त्या जाळीत कोणी चाक टाकू नये. कोंडीची गाठ बहुधा तेथेच बसते. हिरवा दिवा म्हणजे जाण्याची परवानगी. पुढे जागा नसताना आत घुसून आडव्या रस्त्याचा गळा आवळण्याची नव्हे. टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर, नवा पूल होईपर्यंत तरी, गर्दीच्या वेळी बसला आणि रुग्णवाहिकेला आधी सोडणारा हवालदार उभा असावा, आणि मोटारवाल्यांच्या ओळखीपाळखीपासून त्याला त्याच्या वरिष्ठांनी अभय द्यावे.

प्रत्येक मोठ्या चौकाचे वेळापत्रक, म्हणजे कोणत्या बाजूला किती सेकंद आणि पादचाऱ्याला किती, महापालिकेने आणि वाहतूक पोलिसांनी जाहीर करावे. रेल्वेचे वेळापत्रक छापले जाते, शाळेचे भिंतीवर लागते. चौकाचेच काय ते गुपित का? आज सिग्नल महापालिका उभारते, पोलीस चालवितात, पूल कोणी तिसराच बांधतो आणि रुळांवरची हद्द चौथ्याची असते. चार घरचा पाहुणा उपाशी, तशी मुंबईकराची गत झाली आहे. चौघांनी एका मेजाशी बसून परळ-दादरच्या पुलांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय ही उपासमार टळणार नाही.

आमचे वाचक बहुतांशी सुशिक्षित मध्यमवर्गातले आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता मोटार आहे, आणि तिच्या हप्त्यांमागे कष्ट आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यांनी मागणी केली तर सरकार ऐकते, असा हा वर्ग आहे. आणि आजवर त्याने मागणी केली ती बहुधा अधिक रुंद रस्त्याची आणि अधिक उंच पुलाची. ऑक्टोबर २०२५ पासून कुलाब्याकडच्या कफ परेडपासून आरेपर्यंत सबंध धावू लागलेल्या भुयारी मेट्रोने गिरगाव, वरळी, दादर यांना एका धाग्यात ओवले आहे. मोटार घरी ठेवण्याची सोय या भागाला प्रथमच इतक्या जवळ आली आहे. मात्र स्थानकाच्या जिन्यावरून वर येताच फूटपाथ हरवणार असेल आणि समोरचा रस्ता ओलांडायला दोन मिनिटे उभे राहावे लागणार असेल, तर माणूस पुन्हा मोटारीकडे वळेल. भूगर्भात हजारो कोटी ओतून वरच्या वीस सेकंदांसाठी कंजूषी करणे शहाण्यांचे लक्षण नव्हे.

२०२० च्या आरंभी मुंबई पोलिसांनी हिंदमातासह काही चौकांत एक गमतीचा प्रयोग केला होता. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. हॉर्न वाजवाल तर अधिक थांबाल, असा त्याचा बोध. शिक्षा विनोदी होती, पण न्याय बिनचूक होता. आता त्याच चौकांना आणखी एक गोष्ट शिकवावी लागेल: पलीकडे जाण्यासाठी किती माणसे थांबली आहेत हे पाहणे आणि त्यांना आधी सोडणे. महापालिकेने, पोलिसांनी आणि बेस्टने ही सुरुवात परळपासून करावी. रुग्णालयाच्या दाराशी पोचण्यासाठी ज्याला रस्ता ओलांडायचा आहे, त्याच्याइतका पहिल्या मानाचा हक्कदार या शहरात दुसरा कोण आहे?